पांढऱ्या कपाटाचे नवे सोवळे

'अभिरुची' हा शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. कलाकृतीतील सरस-नीरस पारखण्याची शक्ती म्हणजे अभिरुची, ही व्याख्या विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत इमानाने परत करतात. अलीकडे मात्र हा शब्द साहित्यातून उठून सुतारकामात शिरलेला दिसतो. स्वयंपाकघर नव्याने करावयाचे ठरले की पहिला प्रश्न कपाटांच्या रंगाचा निघतो, आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: 'ज्याची त्याची अभिरुची!' आमचा आक्षेप नेमका या उत्तराला आहे. ओट्याखालच्या आणि ओट्यावरच्या कपाटांचा रंग व घाट हा मुळात अभिरुचीचा प्रश्नच नव्हे. तो श्रमाचा प्रश्न आहे. ही कपाटे रोज कोण उघडणार, कोण पुसणार, कोणत्या उजेडात पुसणार, हे विचारल्यावाचून जी अभिरुची बोलू लागते, ती दुसऱ्याच्या मनगटावर पोसलेली अभिरुची होय.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक आणि कसबा पेठेचे रहिवासी. तेव्हा उदाहरण आमच्याच पेठेचे घेतो. ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. येथील जागा अरुंद आणि लांबट, वाड्याला वाडा टेकलेला, दोन घरांत एकच भिंत. अशा वस्तीत उजेड बाजूने येत नसे, तो चौकातून वरून उतरत असे. आता वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. वाड्याचा चौक आक्रसून इमारतीची डक्ट होते आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकघराची एकुलती खिडकी त्या डक्टमध्येच उघडते. भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा स्वयंपाकघरात मॉड्युलर किचनचा कॅटलॉग येऊन दाखल होतो. त्यातील छायाचित्रांत एक भली मोठी खिडकी असते, तिच्याबाहेर बाग असते, ओट्यावर काचेच्या वाडग्यात चार लिंबे असतात, आणि कपाटे पांढरीशुभ्र किंवा फिकट करडी, मूठ नसलेली, भिंतीसारखी सपाट. त्या छायाचित्रांत पोळपाट नसतो. कढई नसते. मुख्य म्हणजे माणूस नसतो.

पांढरा रंग स्वयंपाकघरात कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत रोगजंतूंचे ज्ञान घरोघर पोहोचू लागले, तेव्हा रुग्णालयाप्रमाणे स्वयंपाकघरही पांढरे असावे, असा आग्रह सुरू झाला. मळ लपू नये, दिसावा, हे त्यामागचे कारण होते. म्हणजे पांढरा रंग तेथे शोभेसाठी आला नाही, पहारेकरी म्हणून आला. पुढे १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफुर्टमधील कामगार-वस्त्यांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. आजच्या मॉड्युलर किचनची पूर्वज म्हणून ज्या रचनेचे नाव घेतले जाते, ती हीच. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यांतील अनेकांची कपाटे निळसर-हिरव्या रंगाची होती. का? तर माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत, असा तेव्हा समज होता. समज खरा की खोटा, हा मुद्दा येथे गौण. रंग निवडताना माश्या कोणाला त्रास देतात याचा विचार झाला होता, हे महत्त्वाचे. त्या स्वयंपाकघरावर पुढे स्त्रीवाद्यांनी टीका केली. एकाच बाईपुरती जागा आखून तिला तेथे एकटी कोंडली, हा त्यांचा आक्षेप आम्हांस पटतो. पण त्या रंगामागे एक कारण होते आणि ते काम करणाऱ्या हाताशी निगडित होते, एवढे श्रेय द्यावेच लागेल. आमच्या कॅटलॉगातील पांढऱ्यामागे कोणते कारण आहे? 'सध्या तेच चालते', याखेरीज दुसरे कारण आम्हांस कोणी सांगितलेले नाही.

आता आपल्या स्वयंपाकाकडे पाहा. आपल्याकडे दिवसातून किमान दोनदा फोडणी होते. तापलेल्या तेलाची वाफ उठते, ती वरच्या कपाटांवर बसते, तिच्यावर पिठाची धूळ बसते, आणि पंधरा दिवसांत तो चिकटा तयार होतो ज्याची ओळख मराठी घरातल्या कोणत्याही बाईला करून देण्याची गरज नाही. त्यात हळद. हळदीचा डाग साबणाने धुवायला जावे तर साबणातील क्षारामुळे तो लाल होतो. हा डाग खऱ्या अर्थाने उडतो तो उन्हात, आणि ऊन तर डक्टमध्ये उतरत नाही! म्हणजे ज्या घरात पांढऱ्या कपाटावरचा पिवळा डाग घालवण्याचा सर्वांत सोपा उपाय उपलब्ध नाही, नेमक्या त्याच घरात पांढरे कपाट बसवावयाचे. पुन्हा मॅट पृष्ठभाग अधिक 'अभिजात' मानला जातो. त्याच्या बारीक खरखरीत तेल अधिक धरून राहते. कपाटाला मूठ नको, तिच्या जागी खाच हवी. त्या खाचेत पीठ आणि तेल साचून बसते आणि कणकेचे हात असताना ती खाच बोटांना सापडत नाही. मूठ एका फडक्याने पुसता येते. खाच साफ करायला जुना टूथब्रश लागतो. एवढा हिशेब मांडल्यावर कोणीही म्हणेल की, ही रचना स्वयंपाक करणाऱ्याने केलेली नाही.

उंचीचेही तेच. रंगाच्या पन्नास छटांवर तासभर चर्चा होते आणि ओट्याच्या उंचीवर पाच मिनिटेही होत नाही. तयार कपाटांचा ओटा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटरवर येतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. पोळी लाटताना जोर वरून खाली द्यावा लागतो. ओटा दोन-तीन बोटे जरी अधिक उंच झाला, तरी तो जोर मनगटातून नव्हे, खांद्यातून काढावा लागतो. रंग चुकला तर डोळ्यांना खुपतो. उंची चुकली तर वीस वर्षे खांदा दुखतो. तरीही चर्चा रंगाचीच होते, कारण रंगाविषयी पाहुण्यांनाही मत असते. खांदा पाहुण्यांना दिसत नाही.

येथे आमचा मूळ आरोप स्पष्ट करतो. पांढरे, सपाट, काहीही न दाखवणारे कपाट हे नवे सोवळे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन आहे, ते वाचताना आपण हसतो. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा तो हट्ट, आणि त्या हट्टापायी घरातल्या बायकामुलांचे झालेले हाल! पण त्या सोवळ्याचे सूत्र काय होते? शुद्धतेची कल्पना एकाची आणि ती राखण्याचे कष्ट दुसऱ्यांचे. आजच्या पांढऱ्या कपाटाचे सूत्र याहून वेगळे आहे काय? कपाट पसंत करणारा ते पुसत नाही. पुसणारी एक तर घरातील स्त्री असते, नाही तर कामाला येणाऱ्या बाई. आणि या बाईंना रंगाविषयी कोणी काही विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मोठ्या सदनिकांत तर आता दोन स्वयंपाकघरे असतात, एक दाखवण्याचे आणि एक, मागच्या अंगाला, खरोखर रांधण्याचे. पूर्वी माजघराच्या पुढे कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही, हे जातीने ठरत असे. आता फोडणीचा वास कोणत्या दारापर्यंत येऊ द्यायचा, हे पैशाने ठरते. भिंत तीच, रंग तेवढा बदलला.

यावर काही मंडळी उसळून म्हणतील, 'म्हणूनच आम्ही म्हणतो, आपल्या वाड्यांकडे परत चला!' या मंडळींचेही कॅटलॉग निघाले आहेत. त्यांत कपाटांना कोरीव दारे असतात, पैठणीच्या काठाचे रंग असतात, आणि भिंतीवर तांब्याची घागर टांगलेली असते. कसबा पेठेतच तांबट आळी आहे. तेथे तांब्याच्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांनी जे मठारकाम होते, त्याचा नाद आमच्या पेठेचा नाद आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु जी घागर पाणी भरण्यासाठी घडली, ती दिवाणखान्यासारख्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली पाहून अभिमान वाटत नाही. शिवाय वाड्यातील स्वयंपाकघर होते तरी कसे? बहुधा मागचे, अंधारे, धुराने काळवंडलेले. त्या भिंतींचा रंग कोणी निवडला नव्हता. चुलीने दिला होता. तो रंग त्या घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत आणि छातीतही उतरला होता. त्या काळोखाला 'संस्कृती' म्हणून लॅमिनेटवर छापणे हा पांढऱ्या कपाटाइतकाच खोटेपणा आहे. दोन्ही कॅटलॉगांत माणूस नाही. एकात तो अजून आलेला नाही आणि दुसऱ्यात तो गेलेला आहे.

वाड्यातून घ्यावयाचेच तर एक घ्या: मांडणी. भिंतीवरच्या उघड्या फळ्यांची मांडणी, तिच्यावर रोजची पातेली, ताटे, वाट्या. कोणती वस्तू कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला दिसत असे. फडताळ होते, पण ते राखून ठेवण्याच्या वस्तूंसाठी. रोजचे सारे उघड्यावर. आजच्या बंद कपाटांची भिंत अशी असते की चहाची गाळणी कोठे आहे हे एका व्यक्तीखेरीज कोणालाच ठाऊक नसते, आणि मग 'मला सापडत नाही, तूच दे' या वाक्याला तक्रार करायला जागा उरत नाही. उघडी मांडणी हा घरकामाच्या वाटणीचा आरंभ असू शकतो. बंद कपाट त्या वाटणीला आयते निमित्त देते.

भाषेचे अध्यापक म्हणून आणखी एक दुखणे मांडल्यावाचून राहवत नाही. मराठीने आपल्या रंगांची कितीतरी नावे स्वयंपाकघरातून उचलली आहेत: आमसुली, श्रीखंडी, डाळिंबी, कोनफळी, अंजिरी, बदामी, केशरी, लिंबोणी, हळदी, वांगी, गव्हाळ. करड्याला आपण राखी म्हणतो, ती राखही चुलीतलीच, जिने भांडी घासली जात. ही नावे आज साड्यांच्या दुकानात जिवंत आहेत. ज्या खोलीतून ती आली, तेथे मात्र त्यांना प्रवेश नाही. आम्हांस दाखवलेल्या नमुन्यांच्या पाठीवर नावे होती 'व्हॅनिला', 'शॅम्पेन', 'कॅपुचिनो', 'ऑलिव्ह'. गंमत पाहा, हीसुद्धा खाण्यापिण्याचीच नावे आहेत! म्हणजे रंगाला अन्नाचे नाव देण्याची रीत तेथेही आहेच. फक्त ते स्वयंपाकघर आपले नव्हे. आम्ही परभाषेचे वैरी नाही. ओटा आपला, कुकर परका, आणि दोघांचे उत्तम चालले आहे. परंतु श्रीखंडी म्हटले की ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी छटा उभी राहते, त्याने 'शॅम्पेन'ला मान डोलवावी, हे आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावल्याचे लक्षण आहे.

'अंधाऱ्या खोलीत पांढराच रंग हवा, तो उजेड परतवतो', असे एक सयुक्तिक उत्तर आम्हांस मिळेल. फिकट रंग हवा हे मान्य. पण फिकट म्हणजे पांढराच कशावरून? मोतिया, बदामी, श्रीखंडी, लिंबोणी याही फिकट छटाच आहेत आणि हळदीचा शिंतोडा त्यांच्यावर गुन्ह्यासारखा उठून दिसत नाही. त्या वरच्या कपाटांना द्याव्यात, पुसता येईल अशा गुळगुळीत पृष्ठभागावर. खाली, जेथे पाणी, पीठ आणि पाय लागतात, तेथे विटकरी किंवा तपकिरी. कपाटांना धरता येईल अशी मूठ असावी. एक भिंत तरी उघड्या मांडणीला द्यावी. रंगाचे नमुने दुकानाच्या झगझगाटात न पाहता आपल्याच स्वयंपाकघरात, संध्याकाळी, रोजचा दिवा लावून पाहावेत; आणि नमुन्यावर तेल-हळदीचे बोट ओढून दुसऱ्या दिवशी ते पुसून बघावे. ही परीक्षा विक्रेत्याला आवडत नाही, एवढ्यावरूनच ती योग्य आहे हे ओळखावे. आणि जी व्यक्ती पुसणार आहे, घरची असो वा कामाला येणारी, तिचे मत आधी घ्यावे, शेवटी नव्हे.

ना. सी. फडके यांनी कलेसाठी कला म्हटले आणि वि. स. खांडेकरांनी जीवनासाठी कला म्हटले. तो वाद आम्ही दरवर्षी शिकवतो, आणि दोन्ही पक्षांना न्याय देण्याचा प्रयत्न करतो. कादंबरीच्या बाबतीत फडक्यांचे पुष्कळसे म्हणणे आम्हांस मान्यही आहे. स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र समतोल राखण्याची आमची तयारी नाही. तेथे कपाटाचा रंग ठरवण्याचा पहिला अधिकार, ज्याच्या हाती फडके आहे, त्याचाच.