आजीचा पहिला समुद्र

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. बडा बाजारातल्या गल्लीत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. मराठी टिकली, पुरणपोळी टिकली, गणपती दर वर्षी येतो. पण समुद्र फक्त गोष्टीतला. म्हणून दादाने अंदमानला जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी आजी म्हणाली, "मी पण येणार."

आजी शहात्तर वर्षांची. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू. बाबा सरळ नाही म्हणाले. झाशीहून चेन्नई रेल्वेने एक दिवस आणि वर काही तास, मग दोनेक तासांचं विमान, पुढे बोट. "तिथे जाऊन आई काय करणार? हॉटेलात बसून राहणार," हे त्यांचं म्हणणं. आजीने वाद घातला नाही. दोन दिवस ती बाबांशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिचंही तिकीट निघालं.

चारच दिवसांचा मुक्काम होता. दादाच्या यादीत दहा ठिकाणं होती. वहिनीने ती निम्मी केली. शहीद द्वीप गेलं, स्कूबा गेलं. रोज सकाळी एक जागा, दुपारी झोप. आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली. घड्याळ आपलंच, पण अंदमान झाशीच्या पुष्कळ पूर्वेला असल्याने सूर्य जवळजवळ तासभर आधी मावळतो. संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला अंधार पडायला लागतो. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल, तर दिवस पहाटेच सुरू करा.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या या तुरुंगाला सात लांब इमारती होत्या. आज तीन उरल्या आहेत. एका इमारतीच्या खोल्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणसाचा चेहरा दिसायलाच नको. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला. जिने पाहून आजी खालीच थांबली. "तुम्ही जाऊन या. मी इथे पिंपळाखाली बसते." बाबा तिच्याजवळ थांबले.

वरून मी खाली आले तेव्हा आजी विचारत होती, "झाशीचं काय गं इथे?"

मी आधी थोडं वाचून गेले होते. तिला सांगितलं की हा तुरुंग नंतरचा. त्याच्या कितीतरी आधी, १० मार्च १८५८ ला, सत्तावनच्या उठावातले दोनशे कैदी घेऊन पहिलं जहाज इथे लागलं. तेव्हा इथे जंगलच होतं. कैद्यांनीच ते तोडलं.

आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मार्चमध्ये? म्हणजे राणी तेव्हा किल्ल्यातच होती."

मी ही तारीख कितीदा तरी वाचली होती, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तो त्याच महिन्याच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत. आपला किल्ला अजून उभा होता, आणि इकडे उठावातल्या लोकांसाठी बेट तयार होत होतं.

आजी उठली. बाबांचा हात धरून तळमजल्यावरच्या एका कोठडीत गेली. साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. तिने चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "आपलं कोठीघर एवढंच आहे." बाहेर येईपर्यंत बाबांनी तिचा हात सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप. राधानगरच्या वाळूवर आजी चप्पल काढून उभी राहिली. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला बाबा. लाट पायावरून गेली तशी तिने साडी वर धरली आणि लहान मुलीसारखी हसली. मग विचारलं, "ही कुठली दिशा?"

"पश्चिम," बाबा म्हणाले. "असंच सरळ गेलं की आपला देश."

"म्हणजे मी घराकडेच तोंड करून उभी आहे," आजी म्हणाली.

पुतण्याने प्रवाळाचा एक तुकडा खिशात घातला होता, देवघरात ठेवायला. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो उचलून नेता येत नाही, हे मी त्याला समजावलं. तो रडायला लागला. तेव्हा आजीनेच तो त्याच्याकडून घेतला आणि पाण्यात सोडला. "त्याचं घर इथेच आहे रे."

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय आणलंत? आजी गुडघ्याला तेल लावत सांगते, "पाय भिजवून आणले." आणि बाबा, जे नाही म्हणत होते, ते आता पुढच्या वर्षी कोकणात जायचं म्हणतात. या वेळी आजीला त्यांनीच आधी विचारलं.