हिशेबाबाहेरची हवा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण गाडी. म्हणजे गाडीमुळे वेळ मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा डोक्यात दुसरं काही नव्हतं. तेव्हा आज गाडीबद्दलच.

आमची २००७ची प्रियस बऱ्याच जणांना माहीत आहे. आईबाबा इथे आले होते तेव्हा योसेमिटीला हिच्यातूनच गेलो होतो आणि बाबा अर्धा रस्ता "इंजिन बंद पडलं का रे?" असं विचारत होते. आता तिचे १ लाख ८७ हजार मैल झालेत. महिन्यापूर्वी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा लागला. गाडी मात्र छान चालत होती. आवाज नाही, धूर नाही. सकाळी सुरू होताना जरा थरथरायची, पण एवढ्या वयात कोण थरथरत नाही?

एरवी मी दिव्यावर चिकटपट्टी लावून मोकळा झालो असतो. पण रजिस्ट्रेशनची तारीख जवळ आली होती. कॅलिफोर्नियात जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग चेक करावी लागते आणि दिवा लागलेला असला की सरळ नापास. ही गाडी बायको रोज कामाला नेते. दुसरी घ्यायची तर हप्ते आले, आणि मुलीच्या कॉलेजची फी सुरू झालेल्या वर्षी ते नकोच होतं.

घराजवळ एक वयस्कर व्हिएतनामी मेकॅनिक आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, तपासायचे दीडशे डॉलर. म्हटलं, नुसतं बघायचे दीडशे? त्यापेक्षा पलीकडच्या मोठ्या गॅरेजमध्ये कोड फुकट वाचून देतात. तिथे गेलो. हा माझा पहिला मूर्खपणा. (पुढे अजून आहेत.)

कोड निघाला पी-०१७१. मिश्रण लीन. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण बरोबर मानतात. एक्झॉस्टमधल्या सेन्सरला प्रमाण चुकलेलं दिसतं आणि तो कॉम्प्युटरला कळवतो. गॅरेजवाल्याने काय केलं? हवा मोजणारा सेन्सर बदलला. दिवा पुसला, चार दिवसांनी परत लागला. मग एक्झॉस्टमधला सेन्सर बदलला, म्हणजे बातमी आणणाऱ्यालाच काढून टाकलं. दिवा परत. तोवर माझे सहाशे डॉलर गेले होते. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "फ्युएल पंप असणार." आता या मॉडेलच्या इथल्या गाड्यांमध्ये पंप सुटा मिळत नाही, पेट्रोलच्या अख्ख्या टाकीसकट बदलावा लागतो. आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. "त्यापेक्षा गाडीच काढून टाक, तशीही बॅटरी जायला आली असेल," हा सल्ला वर फुकट.

त्या रात्री बाबांना फोन केला. सांगलीत रविवारची सकाळ, चहा झालेला, म्हणजे मूड बरा. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, कुठेतरी हवा घेत असेल. प्लग बघितलास का?"

बाबांची बजाज सुपर ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. डिकीत प्लगपाना कायम. प्लग चॉकलेटी निघाला की ठीक, काळा निघाला की पेट्रोल जास्त, पांढरा निघाला की लीन. एकदा तिचं सील गेलं होतं तेव्हा उभ्या उभ्या रेस आपोआप चढायला लागली. बाबांनी फक्त कान लावला आणि म्हणाले, हवा घेतेय. मी म्हटलं, बाबा, तुमच्या वेळचं वेगळं, हिच्यात सगळं कॉम्प्युटर बघतो. "मग त्याला दिसत कसं नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "फोन इंजिनजवळ धर, मला ऐकू दे," म्हणाले. धरला. इंजिन गरम झालं होतं, त्यामुळे ते अर्ध्या मिनिटात आपलं आपण बंद झालं. हायब्रिडच ती! बाबा पलीकडून, "गेली का रे?"

पण माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी हललं.

दुसऱ्या दिवशी वीस डॉलरचं ब्लूटूथचं डबडं आणलं, गाडीला लावलं आणि फोनवर आकडे बघत बसलो. त्यातला एक आकडा समजून घेण्यासारखा आहे. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. आत येणारी हवा मोजून कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. मागून सेन्सर कळवतो, कमी पडलं. मग तो थोडं वाढवतो. आणि किती टक्के वाढवावं लागलं ते लिहून ठेवतो, वाणी उधारी लिहितो तसं. पाचेक टक्के इकडेतिकडे चालतं. दिवा लागतो तो बेरीज वीस-पंचवीसच्या पुढे गेली की. म्हणजे दिवा लागला त्या दिवशी बिघाड झाला नव्हता. तो कित्येक महिने चालू होता आणि गाडी निमूटपणे भरपाई करत होती. मायलेज ४६ वरून ४३ वर आलं होतं, ते मी एसीच्या नावावर खपवलं होतं.

कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठवलेली असते. त्यात गाडीचा वेग होता शून्य आणि इंजिन पुरतं तापलेलं नव्हतं. म्हणजे घरासमोर, सकाळी. ही गाडी उभी राहिली की इंजिन बंद करते. नुसतं उभ्याने चालणं तिच्या नशिबी फक्त सकाळी गरम होईपर्यंत. बाकी दिवसभर दुखणं दिसायला संधीच नाही, आणि इंजिन जरा कमी पडलं तर बॅटरी सांभाळून घेते. जुन्या गाडीने सिग्नलला धडधडून कधीच गाऱ्हाणं केलं असतं.

इंजिन उभ्याने चालू ठेवायचा एक मार्ग आहे, मेकॅनिक लोकांसाठी केलेला. ब्रेक न दाबता गाडी ऑन करायची, मग मिनिटाच्या आत पार्कमध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्कमध्ये दोनदा, आणि मग ब्रेक दाबून सुरू. (या स्थितीत गाडी चालवायची नाही हं. तपासून झालं की बंद.) मी तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा बायको दारात येऊन म्हणाली, "पूजा चाललीय का?"

जमलं एकदाचं. उभ्याने चालताना ट्रिमची बेरीज २८. पेडल दाबून फेरे दोन हजारांच्या पुढे नेले तर ७. सोडलं, परत २८.

मी तिथेच हसलो. पंप दमला असता तर जास्त पेट्रोल मागितल्यावर आकडा चढायला हवा होता. इथे तर उतरत होता! याचा अर्थ एकच लागत होता. कुठूनतरी थोडीशी हवा आत शिरत होती, सेन्सरच्या पुढून, म्हणून मोजणीत न येता. इंजिन सावकाश चालताना एकूण हवाच कमी, त्यात ही चोरटी हवा फार. जोरात चालताना तीच किरकोळ. बाबांना फोन लावला आणि इंजिन ऐकवलं. "सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाले.

मग मान खाली घालून त्या व्हिएतनामी गृहस्थाकडे गेलो, दीडशे डॉलर घेऊन. त्याने माझे आकडे बघितले, मान हलवली आणि इंजिन बंद ठेवून आत धूर सोडला. पाच मिनिटांत इंजिनातली वाफ इनटेककडे परत नेणाऱ्या रबरी नळीच्या वळणातून धुराची बारीक रेघ वर आली. नळी खालच्या बाजूने तडकली होती, वरून दिसतही नव्हती. नव्या नळीचे बावीस डॉलर.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या मोठ्या गॅरेजवर मी चिडलो होतो, पण खरं तर त्यांनी मला हवं तेच विकलं. हातात नवी वस्तू मिळाली, बिलावर तिचं नाव आलं की पैसे वसूल वाटतात. कुणी तासभर नुसतं बघून, विचार करून, "हे बदलू नका" म्हणाला तर त्याला पैसे द्यायला आपला हात अडखळतो. सहाशे डॉलरचे दोन चांगले सेन्सर मी बदलून घेतले, तक्रार न करता. दीडशेच्या तपासणीला मात्र "नुसतं बघायचे?" असं विचारलं. डॉक्टरांकडेही आपण हेच करतो, गोळी दिली नाही तर फी जड जाते. आणि अशा बाजारात बघणारे कमी होत जाणार, बदलणारेच उरणार. गाड्या जुन्या होतील तसतशा, त्यातही या हायब्रिड, आपल्याला बघणाऱ्यांची गरज वाढतच जाईल. माझ्या ओळखीत एका चांगल्या गाडीचा असाच बळी गेलाय. मालकाने शेवटी भंगारात दिली. बिघाड काय होता ते आजही कुणाला माहीत नाही.

दिवा पुसल्यावर लगेच स्मॉगला जाता येत नाही हेही कळलं. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या आधी पुऱ्या व्हाव्या लागतात, त्याला आठवडाभर रोजचं फिरणं लागलं. तोवर ट्रिम ४ वर आली होती. पास झालो. तारखेच्या तीन दिवस आधी!

बाबांना पावतीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान. प्लगचा फोटो पाठव." या शनिवारी काढतो.