दार कोणी बंद केले?

एखादे कुटुंब ख्रिस्ती झाल्याची वार्ता कानी आली की, आपल्या बैठकांतून दोन शब्द हमखास उच्चारले जातात : आमिष आणि अज्ञान. काही ठिकाणी ते खरेही असतील. सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागण्याचा व्यवहार आम्हांला मान्य नाही आणि कधी होणारही नाही. परंतु हेच दोन शब्द सर्वत्र लावून मोकळे होण्याची सवय ही निव्वळ आत्मवंचना आहे. महाराष्ट्रातील एक फार गाजलेले मतांतर या दोहोंपैकी एकाही शब्दात बसत नाही.

पंडिता रमाबाईंना अज्ञानी कोण म्हणेल? वेदविद्येची परंपरा असलेल्या डोंगरे घराण्यात 1858 साली जन्मलेल्या या कन्येला आईनेच संस्कृत शिकविले. दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेल्या भावासह पुराणे सांगत, तीर्थामागून तीर्थे पायी तुडवीत ही मुलगी 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती गेले. कडेवर तान्ही मनोरमा होती. पदव्या देणारा समाज मोठा होता. पण या विद्वान विधवेला आपली म्हणणारे घर त्यात किती होते?

1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपले मन कशाने वळले, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम पाहिले. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू आदराने बोलतो, ही कथा त्यांना तेथे कळली. जिला सर्वांनी टाकले, तिलाही देवाच्या दारी जागा आहे, ही आशा त्यांना त्या कथेत सापडली. यात आमिष कोठे आहे? आणि ही बाई कोणाची अंकितही झाली नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असे त्यांनी तेथील धर्मभगिनींना रोखठोक विचारले.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या, वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. तटस्थतेचे वचन मोडले, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण परत नेलेल्या त्या बालविधवांचे पुढे काय होणार, याचे उत्तर किती टीकाकारांपाशी होते?

उत्तर दिले ते धोंडो केशव कर्वे यांनी. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी असलेल्या गोदूबाईंशी त्यांनी 1893 मध्ये विवाह केला, बहिष्कार सोसला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम उभारला. पुढे हिंगण्याच्या माळावर तो वाढला. रमाबाईंना दिलेले हिंदू समाजाचे खरे प्रत्युत्तर ते हेच. अग्रलेखाने एकाही विधवेच्या डोक्यावर छप्पर येत नाही.

त्याच काळात, 1896-97 च्या दुष्काळात, मध्य प्रांतात अन्नान्न करीत फिरणाऱ्या शेकडो मुली रमाबाईंनी उचलून आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे केले. दुष्काळाने स्वतःचे घर गिळलेल्या बाईला त्या मुलींची भूक कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्यांतील पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या, याची खंत आपल्याला जरूर वाटावी. परंतु त्या मुली वाटेवर पडल्या होत्या तेव्हा आपण कोठे होतो, हा प्रश्न त्या खंतेच्या आधी येतो.

आजही संकटातला माणूस सिद्धान्त शोधत नाही, सोबत शोधतो. रुग्णालयात महिनोन्‌महिने पडून असलेला रोगी, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, शहरातल्या वस्तीत कोणाचेही नाव ठाऊक नसलेली नवी सून, यांच्यापाशी कोणीतरी येऊन बसते, नावाने हाक मारते, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. त्या माणसाला तेथे आपलेपण लाभते आणि ते आपलेपण खोटे नसते. त्याची टवाळी करणे हा आपला धर्म नव्हे. त्याच्या श्रद्धेवर हात उगारणे तर नव्हेच नव्हे.

कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत एवढेच पाहावे : येथे कोण एकटे आहे, आणि त्याच्या दारी मी शेवटचा कधी गेलो होतो? जाताना हातात पत्रक नसावे आणि मनात हिशेब नसावा. गेलेल्यांची यादी करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. एकट्या पडलेल्यांची यादी ज्याच्या खिशात असते, असा कार्यकर्ता आज हवा आहे.