लागवडीखालील जमीन : बेरीज आणि वजाबाकी

देशातील शेतजमीन कमी होत चालली आहे अशी तक्रार कोणी केली, की सरकारी अर्थशास्त्रज्ञांचे उत्तर तयार असते. १९७०-७१ साली देशातील निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर होते. आजही ते १४ कोटी हेक्टरांच्या आसपासच आहे. मग ओरड कशासाठी? शिवाय १९५०-५१ साली ५ कोटी टनांच्या घरात असलेले अन्नधान्याचे उत्पादन २०२०-२१ साली ३१ कोटी टनांवर गेले. जमीन तेवढीच आणि धान्य सहापट, तेव्हा जमिनीचा प्रश्न इतिहासजमा झाला, असा या युक्तिवादाचा सूर असतो.

यातील आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र तपासून घ्यावयास हवा; कारण हाच निष्कर्ष पुढे करून जमीनधारणेचा प्रश्न राजकारणाच्या पटावरून उचलून बाजूला ठेवण्यात आला आहे.

प्रथम स्वातंत्र्योत्तर काळाचा आलेख पाहू. १९५०-५१ साली निव्वळ पेरणी क्षेत्र ११ कोटी ८८ लाख हेक्टर होते. पुढील वीस वर्षांत त्यात दोन कोटींहून अधिक हेक्टरांची भर पडली. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेल्या जमिनी ट्रॅक्टर लावून मोडण्यात आल्या. तराईतील जंगल तोडून तेथे फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. गावोगावची पडीक जमीन नांगराखाली आली. १९७० च्या सुमारास ही वाढ थांबली. नांगर जेथवर जाऊ शकत होता, तेथवर तो गेला होता. त्यानंतर वाढले ते पीकक्षेत्र, म्हणजे एकाच जमिनीत दुसऱ्यांदा घेतलेले पीक. एकूण पीकक्षेत्र १९५०-५१ मधील १३ कोटी १९ लाख हेक्टरांवरून आता २१ कोटींच्या वर गेले आहे. हे घडले पाण्याच्या बळावर, आणि आज सिंचित क्षेत्रापैकी साठ टक्क्यांहून अधिक क्षेत्र विहिरी व कूपनलिका यांच्यावर अवलंबून आहे. पंजाबात तर भूगर्भात दरवर्षी जेवढे उपसण्याजोगे पाणी साठते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. 'जमीन तेवढीच, धान्य सहापट' या हिशेबातील एक मोठी रक्कम अशी उसनवारीची आहे.

आता बेरजेकडे वळू. बिगरशेती वापराखालील जमीन १९५०-५१ साली ९४ लाख हेक्टरांच्या आत होती. ती आज अडीच कोटींच्या पुढे गेली आहे. शहरे, धरणे, रस्ते, कारखाने यांना जमीन लागते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ती कोणती जमीन असते? शहरे नदीकाठी वसतात आणि सपाट, काळ्या, पाण्याखालच्या जमिनीवर पसरतात. पुण्याजवळ हडपसरला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळत होते. त्या बागायतीवर आज इमारती उभ्या आहेत. कालव्याखालची एक एकर जमीन गेली आणि डोंगरउतारावरची एक एकर मुरमाड जमीन लागवडीस आली, तर तक्त्यातील बेरीज बदलत नाही. शेतीचे मात्र नुकसान झालेले असते.

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एका गावाचे उदाहरण उद्बोधक आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रातील हा पायाभूत अभ्यास होय. या गावातील सरासरी जमीनधारणा १७७१ साली चाळीस एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली, असे मान यांनी दाखवून दिले. जमिनीचे तुकडे आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेला दख्खनचा शेतकरी या पाहणीतून प्रथमच आकड्यांच्या रूपाने पुढे आला. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. जेथे मान यांनी ज्वारीची शेते मोजली, तेथे आता बहुमजली सदनिका आहेत. सात एकरांवर आलेली धारणा शून्यावर पोहोचली आणि त्या गावापुरता प्रश्न 'सुटला'!

देशाची वाटचाल त्याच मार्गाने चालू आहे. कृषिगणनेनुसार १९७०-७१ साली सरासरी वहिवाट २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.०८ हेक्टर झाली. याच काळात वहिवाटदारांची संख्या ७ कोटी १० लाखांवरून साडेचौदा कोटींवर गेली. निव्वळ पेरणी क्षेत्र लोकसंख्येवर वाटले, तर १९५१ साली दरडोई साडेबत्तीस गुंठे जमीन येत होती; २०११ साली ती साडेअकरा गुंठे भरली. पण जमीन दरडोई वाटली जातच नाही, हाच तर खरा मुद्दा आहे. १९५१ च्या जनगणनेत शेतमजुरांची संख्या पावणेतीन कोटींच्या आसपास होती. २०११ साली ती १४ कोटी ४३ लाख झाली आणि शेतकऱ्यांच्या संख्येला, म्हणजे ११ कोटी ८८ लाखांना, तिने प्रथमच मागे टाकले. बेरीज स्थिर असताना जमीन कसणाऱ्यांतील बहुसंख्य लोक भूमिहीन झाले आहेत.

कमाल जमीनधारणा कायद्यांनी हे थांबवावयाचे होते. महाराष्ट्रात असा कायदा १९६१ साली झाला. १९७२ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर देशभर मर्यादा खाली आणण्यात आल्या. पण बेनामी व्यवहार, खोट्या वाटण्या आणि न्यायालयीन विलंब यांतून जी जमीन प्रत्यक्ष भूमिहीनांच्या हाती पडली, ती देशाच्या लागवडीखालील क्षेत्राच्या दोन टक्केसुद्धा भरली नाही.

येथे समाजवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण करावयास हवे. गेल्या वीस वर्षांत जमिनीवरून जे लढे झाले, ते प्रामुख्याने संपादनाविरुद्धचे होते. रायगड जिल्ह्यात विशेष आर्थिक क्षेत्राला शेतकऱ्यांनी केलेला विरोध आणि २००८ साली तेथे झालेले जनमत हा त्यांतील गौरवाचा भाग होय. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा कायदा आला, हेही अशा लढ्यांचेच फळ. या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ व शेतमजूर यांचा समावेश आहे आणि बहुपीक बागायत जमिनीच्या संपादनावर बंधन आहे. परंतु गुजरात, तेलंगण यांसारख्या राज्यांनी दुरुस्त्या करून अनेक प्रकल्पांना त्यातील महत्त्वाच्या तरतुदींतून सूट दिली. शिवाय संपादनापेक्षा कितीतरी अधिक वेळा जमीन हात बदलते ती खाजगी खरेदीने; आणि राज्य शासनाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडील मोठे व्यवहार सोडल्यास तेथे हा कायदा पोहोचतच नाही. सातबारावर ज्याचे नाव, त्याला पैसा मिळतो. त्या शेतात वीस वर्षे खुरपणी करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम नसते. तिचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नसते, म्हणून नुकसानीच्या यादीतही ते येत नाही. मोबदला चौपट की पाचपट, या वादात अडकलेल्या चळवळीला ही बाई दिसेनाशी झाली, हे कबूल केलेच पाहिजे.

जमीन विकू पाहणाऱ्या लहान शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन एकर कोरडवाहूत घर चालत नाही आणि मुलाला शहरात नोकरी हवी आहे. तेव्हा त्याच्यावर भूमिप्रेमाचे उपदेश लादणे हा सुखवस्तू माणसांचा उद्योग होय. प्रश्न एवढाच, की ती जमीन कोणाकडे जावी आणि कोणत्या कामासाठी जावी, हे बाजाराने ठरवावे की समाजाने?

समाजाने, असे ज्यांचे उत्तर असेल, त्यांच्यापुढे काम स्पष्ट आहे. कालव्याखालील व दुबार पिकाची जमीन बिगरशेती करण्यावर खरेदीव्यवहारांतही कडक बंधन हवे. जेथे बिगरशेती परवानगी दिली जाईल, तेथे वाढलेल्या किमतीचा ठराविक हिस्सा त्या गावच्या भूमिहीनांच्या नावे जमा झाला पाहिजे. देशात पडीत राहणारी जमीन अडीच कोटी हेक्टरांच्या घरात आहे. तिच्यापैकी जी कसण्याजोगी असेल, ती भूमिहीनांच्या, विशेषतः स्त्रियांच्या गटांना कायदेशीर खंडाने मिळावी. आणि या सर्वांची सुरुवात गावापासून व्हावी. दहा वर्षांपूर्वी आपल्या गावात किती जमीन पेरली जात होती, आज किती पेरली जाते, मधली कोणाकडे गेली आणि तिच्यावर कोण राबत होते, याचा तक्ता प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी तलाठी दप्तरातून व मजुरांच्या वस्तीतून तयार करून ग्रामसभेपुढे ठेवावा. मान यांनी हे काम शंभर वर्षांपूर्वी एका गावात केले होते. ते करण्याची तयारी नसेल, तर 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा पक्षाच्या कार्यालयाच्या भिंतीवरून पुसून टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.