ऑइल अंदाजाने, पेट्रोल अंधारात



पंचवटीत जिल्हा बैठकीला येताना तुमच्यापैकी कितीतरी जण पिशवीत एखादा जळका पिस्टन घेऊन येता. मार्केट यार्डातले काम उरकायचे, पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानातून पिस्टन-रिंगचा जोड घ्यायचा आणि मग बैठकीला बसायचे, असा आता क्रमच पडला आहे. दुकानदार पिस्टनवरचे उभे ओरखडे बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, "ऑइल कमी टाकलं. शेतकऱ्याला कळत नाही."

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. आम्हीही बरीच वर्षे हेच सांगत फिरलो. ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे आज सांगायचे आहे.

आधी आपल्या चुकीचे. पाठीवरचा पेट्रोल पंप किंवा बांधावरचे गवत कापणारा ब्रश कटर बहुधा टू-स्ट्रोक असतो. त्याच्या पोटात वेगळे ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच त्याचे एकमेव वंगण. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पिस्टनला ते मिळाले नाही, तर तो थोड्या वेळात सिलिंडरला चिकटतो.

लुना, राजदूत आणि जुन्या बजाज स्कूटरच्या काळात पेट्रोल पंपावरचा पोऱ्याच विचारायचा, "ऑइल किती?" टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या, पंपावरची ती विचारपूसही गेली. यंत्र मात्र आपल्या पाठीवर आले, आणि ऑइलचे माप बाटलीच्या बुचावर आले. कुणी एक बूच टाकतो, कुणी दोन. कुणी ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल ओततो. कुणी म्हणतो, "जास्त टाकलेलं बरं." तेही बरे नाही. जादा ऑइलने प्लग काळा पडतो, सायलेन्सर कोंदतो आणि तेवढ्याच टाकीत पेट्रोल कमी बसते. कपाशीला दुप्पट युरिया घातला म्हणून दुप्पट बोंडे लागत नाहीत, तसेच हे.

आता दुसरे अर्धे. ऑइल आपण अंदाजाने टाकतो, हे कबूल. पण पेट्रोल तरी आपल्याला कोणते मिळते? पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघतो, गावाजवळच्या पंपावर रिकामा होतो, आपण कॅन भरून आणतो. त्यात इथेनॉल किती, हे आपल्याला कुणी सांगत नाही. 2014 साली देशाच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी दीड टक्का होते. 2022 मध्ये ते 10 टक्के झाले. 20 टक्क्यांचे उद्दिष्ट आधी 2030 चे होते, ते अलीकडे ओढून 2025 मध्ये गाठले. या अकरा वर्षांत तुमचा पंप तोच राहिला. पुष्कळ जुन्या यंत्रांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले आहे. ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि खोक्याबरोबर उकिरड्यावर जाते.

इथेनॉल काय करते ते समजून घ्या. त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच इंधनाला हवा जास्त झाल्यासारखे होते आणि इंजिन अधिक तापते. नव्या मोटारीत हे सांभाळायला संगणक आहे. आपल्या पंपाच्या कार्बोरेटरला एक बारीक छिद्र आहे, त्याला अक्कल नाही. जुन्या पद्धतीच्या रबराच्या नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात, कडक होतात, चिरतात.

त्याहून मोठा घात पाण्याने होतो. इथेनॉल पाण्याला ओढते. दोन-चार थेंब ते पोटात घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहते. ऑइल राहते वरच्या पेट्रोलबरोबर. टाकीतली नळी मात्र तळातून ओढते! म्हणजे ज्याने काटेकोर मापून ऑइल घातले, त्याच्याही इंजिनात बिनऑइलचे पाणी-इथेनॉल जाते. श्रावण-भाद्रपदात, कपाशीवर फवारणी ऐन भरात असताना, उघड्या झाकणाचा कॅन पावसात बांधावर राहिला की हेच होते. मग दुकानदार म्हणतो, शेतकऱ्याला कळत नाही.

हे पटत नसेल तर बैठकीत स्वतः बघा. काचेच्या मापात 100 मिलिलिटर पेट्रोल घ्यायचे, त्यात 10 मिलिलिटर पाणी घालायचे, हलवायचे आणि ठेवून द्यायचे. पेट्रोल निव्वळ असेल तर खालचा थर 10 चाच राहतो. 20 टक्के इथेनॉल असेल तर तो 30 च्या आसपास जातो. ही परीक्षा उघड्या हवेत, बिडी-काडी दूर ठेवून करायची आणि ते पेट्रोल परत यंत्रात घालायचे नाही.

प्रश्न फक्त पिस्टनच्या पैशांचा नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ते पेट्रोलमुळे नव्हे. पण औषधाने भरलेला पंप उभ्या कपाशीत बंद पडला की गडी काय करतो? औषधाच्याच हाताने प्लग काढतो, नळी तोंडाने फुंकतो, गरम इंजिनावर पेट्रोल ओततो. बंद पडणारे यंत्र हे पाठीवरचे संकट आहे.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. शेतात पिकलेल्या मालापासून इंधन व्हावे, हे आम्हाला हवेच आहे. पण शेतकऱ्याचे नाव पुढे करून जे चालले आहे ते बघा. 2018 च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव लिहिले आहे. प्रत्यक्षात जानेवारी 2025 मध्ये सरकारने इथेनॉलसाठी गोदामातला तांदूळ क्विंटलला 2,250 रुपयांनी द्यायचे ठरवले. 2025-26 ला संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये. असा स्वस्त तांदूळ मिळत असताना कोणता कारखानदार ज्वारीकडे बघेल? आणि उसाचे तरी भले झाले का? डिसेंबर 2023 मध्ये याच सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली, मग थोडी सैल केली. इथेनॉलचा फायदा कोरडवाहूच्या वाट्याला नाही. जळका पिस्टन तेवढा आहे.

जून 2021 मध्ये नीती आयोगाने जो आराखडा मांडला, त्यात जुन्या वाहनांसाठी 10 टक्क्यांचे पेट्रोलही उपलब्ध ठेवावे असे म्हटले होते. ते कुठे आहे? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर ठळक पाटी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. न्यायालयाचा रस्ता तूर्त संपला असेल, बैठकीचा संपलेला नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते चोख करू:

1. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतले किंवा टाकीवरचेच धरा. 1:25 म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर, 1:40 म्हणजे 25, 1:50 म्हणजे 20. औषधाचे माप वेगळे, ऑइलचे वेगळे ठेवा.

2. ऑइल सीलबंद टू-टी घ्या. डब्यावर 'जासो एफसी' किंवा 'एफडी' बघा. सुटे, जळके, ट्रॅक्टरचे किंवा चार-स्ट्रोकचे ऑइल नको.

3. कोरड्या, घट्ट झाकणाच्या, इंधनाच्याच कॅनमध्ये अर्धे पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेले पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत ओतण्याआधी आणखी एकदा हलवा. औषधाची रिकामी बाटली कधीच नको.

4. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करा. कॅनवर तारीख लिहा.

5. तळाशी वेगळा थर दिसला तर ते मिश्रण यंत्रात घालू नका.

6. "पाच मिनिटांचंच काम आहे" म्हणून नुसत्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक चालवू नका. उलट, ज्या यंत्राला ऑइलची वेगळी जागा आहे ते चार-स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नका.

7. इंजिन गार झाल्याशिवाय टाकी उघडू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आणि बैठकीपुढे चार मागण्या ठेवत आहोत. प्रत्येक पेट्रोल पंपावर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. प्रत्येक तालुक्यात एका तरी पंपावर 10 टक्क्यांचे पेट्रोल ठेवा. फवारणी यंत्र विकणाऱ्याने मराठी पुस्तिका द्यावी, तिच्यात ऑइलचे प्रमाण आणि इथेनॉलची मर्यादा असावी. अनुदानावर दिले जाणारे पेट्रोल पंप आजच्या पेट्रोलवर चालवून बघितल्याशिवाय वाटू नका.

तुमच्या घरात जळका पिस्टन पडला असेल तर भंगारात घालू नका, बैठकीला घेऊन या. सोबत चिठ्ठीवर लिहा: यंत्र कोणत्या वर्षाचे, ऑइल कोणते, किती टाकले, पेट्रोल कधी भरले. आपली चूक असेल तर तीही लिहा. टेबलावर शंभर पिस्टन मांडले की कुणाला काय कळत नाही, ते सगळ्यांनाच दिसेल.