क्विंटलचा भाव हा कापसाचा भाव नव्हे



कापसाच्या सौद्याला दोघे उभे असतात. एक क्विंटलमध्ये बोलतो, दुसरा मनात खंडीचा हिशेब करतो. आपण विकतो सरकीसकट कापूस, तो विकत घेतो रुई. मधला भागाकार तो एकटाच करतो आणि उत्तर आपल्याला सांगत नाही. घामाचे दाम मागायला निघालेल्या माणसाने निदान आपले दाम कशावर ठरतात एवढे तरी विचारायला नको का?

शहाणे लोक म्हणतात, शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, अपूर्णांक तर नाहीच नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ केली होती. शाळेने ती सोडली, अडत्याने सोडली नाही. आज दिवाणजीच्या हातात यंत्र आहे म्हणून तो पाढा म्हणत नाही एवढेच.

तर तो भागाकार आज आपणच करू. आकडे समजुतीसाठी घेतो. आपापल्या बाजाराचे आकडे घालून प्रत्येकाने तो पुन्हा करावा.

समजा, रुईची खंडी ५३,४०० रुपयांना आहे. खंडी म्हणजे ३५६ किलो. म्हणजे रुईचा किलो १५० रुपयांना पडला. सरकी ३,५०० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ३५. तुमच्या एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघाली, ६४ किलो सरकी, दोन किलो घट. कापूस गेला ७,००० रुपयांना. त्यातून सरकीचे २,२४० रुपये वजा करा. उरले ४,७६०. त्याला ३४ ने भागा. तुम्ही आपली रुई १४० रुपये किलोने विकलीत. बाजारात ती १५० ची आहे. मधले दहा रुपये किलोला, म्हणजे क्विंटलमागे ३४० रुपये. यातून जिनिंग-प्रेसिंग आणि वाहतूक वजा करून काय उरते आणि ते कोणाकडे जाते, हे व्यापाऱ्याने मांडून दाखवावे. आमचा त्याच्या नफ्याला विरोध नाही. विरोध आहे तो झाकलेल्या हिशेबाला.

आता खरी गोम पुढे आहे. शेजाऱ्याच्या कापसाचा उतारा ३७ आहे. त्यालाही मिळाले ७,०००. त्याची सरकी ६१ किलो, २,१३५ रुपयांची. उरले ४,८६५, भागिले ३७. त्याची रुई गेली १३१ रुपये ४९ पैशांनी. तिसऱ्याचा उतारा ३२. त्याची सरकी २,३१० रुपयांची, उरलेले ४,६९० भागिले ३२, त्याची रुई गेली १४६ रुपये ५६ पैशांनी. म्हणजे ज्याच्या कापसात रुई जास्त, त्याची रुई सर्वांत स्वस्त! एक टक्का उतारा वाढला की ३५ रुपयांच्या किलोभर सरकीच्या जागी १५० रुपयांची किलोभर रुई येते. फरक ११५ रुपयांचा. अर्ध्या टक्क्याला साडेसत्तावन्न. ३२ आणि ३७ यांच्यात क्विंटलमागे ५७५ रुपये आहेत. वीस क्विंटलवाल्याचे साडेअकरा हजार. पण काटापट्टीवर या टक्क्याचा रकानाच नाही.

टक्के मोजता येत नाहीत म्हणून नाही असे कोणी समजू नये. सीसीआयच्या केंद्रावर जा. आर्द्रता मोजायचे यंत्र कापसाच्या ढिगात खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावावर एक टक्का म्हणजे ८१ रुपये १० पैसे. पाण्याचा टक्का मोजायला यंत्र आहे, रुईचा टक्का मोजायला नाही. जिथे आपले कापायचे तिथे अपूर्णांक चालतो, जिथे द्यायचे तिथे नग एकच.

उसाकडे पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. (उतारा कारखान्याचा सरासरी धरतात, एकेकट्याचा नाही, आणि तो कसा काढतात ते ऊसवाल्यांनाच विचारावे.) तरी तत्त्व मान्य आहे. मग कापसाला ते का नको? १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीतही प्रत ठरायची ग्रेडरच्या नजरेने. एकाधिकार गेला, नजर तेवढी राहिली.

म्हणतील, गाडीगणिक उतारा काढायला वेळ कोठे आहे? नमुन्यापुरती रुई काढणारी छोटी जिनिंग यंत्रे प्रयोगशाळांमध्ये वापरात आहेत. नागपूरला सिरकॉटचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. बाजार समिती सेस घेते, त्यातून एक यंत्र घ्यावे.

याचा दुसरा परिणाम बियाण्यावर झाला. भाव सरकीसकट वजनाला, म्हणून पाकिटावर जाहिरात वजनदार बोंडाची. रुई किती निघेल हे कोणी छापत नाही. आपल्या देशात उतारा साधारण ३३ ते ३५ च्या आसपास रेंगाळतो, ऑस्ट्रेलियात तो ४० च्या वर जातो. जास्त रुईचे वाण लावून शेतकऱ्याला एक पैसा जास्त मिळत नसेल, तर कंपनी ते कोणासाठी काढील? कमी उताऱ्याच्या भावांना सुरुवातीला यात तोटा होईल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांना वाण बदलायचे कारणही तेव्हाच मिळेल.

खताचे तेच. २०१८ साली युरियाचे पोते ५० चे ४५ किलोचे झाले. किलोचा भाव वाढवला नाही हे खरे. पण पोते लहान का केले? शेतकरी पोती मोजून खत टाकतो, किलो मोजून नाही, या भरवशावर! पुढे २०२४ च्या सुरुवातीला गंधकाचे आवरण असलेल्या युरियाचे ४० किलोचे पोते त्याच २६६ रुपये ५० पैशांना ठरले. साध्या पोत्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो, किलोला १२ रुपये ८७ पैसे. गंधकाच्या पोत्यात ३७ टक्के, १४.८ किलो, किलोला १८ रुपये. १७ टक्के गंधक वर मिळते. ज्याच्या जमिनीला ते हवे, त्याने जरूर घ्यावे. नुसते नत्र हवे असणाऱ्याला ते महाग आहे.

आणि सर्वांत मोठा भागाकार दिल्लीत होतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला, दीडपट करून ७,७१० हमीभाव दिला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६, हमीभाव ३,६९९. यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही, ते वेगळेच. पण खाली छेद कोणता? देशभराच्या सरासरी पिकाचा. ओलिताखाली एकरी ३२,००० खर्चून आठ क्विंटल झाले तर खर्च क्विंटलला ४,०००. कोरडवाहूत २४,००० खर्चून पावणेचार क्विंटल झाले तर ६,४००. एकराला खर्च कमी, क्विंटलला दीडपटीहून जास्त. ज्वारीचेही असेच, पावसाने दगा दिला की छेद अर्धा होतो, हमीभाव तोच राहतो.

जिल्हा बैठकीत एकच मागणी ठेवायची आहे: प्रत्येक बाजार समितीत नमुन्याचा उतारा काढावा आणि तो टक्का काटापट्टीवर लिहावा. त्यासाठी रिकाम्या हाताने येऊ नका. पाव किलो कापूस काडीकचरा काढून घ्या, घरी हाताने सरकी वेगळी करा, रुई सराफाच्या किंवा किराणा दुकानाच्या बारीक काट्यावर तोला. ९० ग्रॅम भरली तर चौपट करा: किलोला ३६०, क्विंटलला ३६. कारखान्यातल्या घटीचा एखादा टक्का त्यातून सोडा. पहिल्या वेचणीचा आणि शेवटच्या वेचणीचा नमुना वेगळा ठेवा. चिठ्ठीवर वाण, जमीन हलकी की भारी, आणि मिळालेला भाव लिहा. सोबत काटापट्टी आणा. मायबहिणींनी तर यावेच. कापूस त्यांच्या हातून वेचला जातो, कोणत्या तासातले बोंड हलके आणि कोणत्यातले भारी हे त्यांना यंत्राच्या आधी कळते.