सहीपूर्वी वाचा

नवरा अमेरिकेत आणि व्हिसाची वाट पाहत बायको मुलुंड-बोरिवलीत, अशी घरे मी नेहमी पाहते. कर वाचतो म्हणून तो तिथे दोघांचे संयुक्त विवरणपत्र भरतो. ती मुकाट सही करते. आपल्याकडे नवरा-बायकोचा आयकर वेगवेगळा, त्यामुळे या सहीचे मोल तिला कुणी सांगत नाही. तिचा इथला पगार, मुदतठेवीचे व्याज, सारे तिथे दाखवावे लागते. शिवाय त्याने दडवलेल्या उत्पन्नाच्या करालाही ती जबाबदार, अगदी घटस्फोटानंतरसुद्धा! 'मला ठाऊक नव्हते' म्हणून सूट मागता येते; पण ते पटवायचे तिनेच. मैत्रिणींनो, वाचून मगच सही करा, प्रत जवळ ठेवा. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याने तिथे आकडा कमी सांगितला, तर हीच प्रत पुढे करता येते.